लातूरच्या आठ शेळ्या

मी लातूरला जाऊन आले हे कळल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, तिकडं काय पाहिलंस? मला चारचौघींत बोलता येत नाही. भलतंच काहीतरी तोंडातून जातं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून लिहिता तेवढं येतं. जे पाहिलं ते इथं लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं असं काही ठरवलेलं नाही.

जाण्याचं कारण

माझा धाकटा भाऊ वसंता सरकारातून जनावरांच्या डॉक्टरीचं शिक्षण घेत होता. आमच्या नांदेडात अशा माणसाला सलोत्री म्हणतात. शेवटच्या वर्षी त्याला आणि आणखी पाच विद्यार्थ्यांना लातूरला पाठवलं होतं. तिकडच्या खेड्यांत बैलांना बुळकांडी लागली होती. त्या रोगावरची लस कशी करतात, ते या सहा जणांना तिथं शिकवायचं होतं. सहांतला एकच पुढे उत्तरेला, हिमालयाच्या डोंगरात जाणार होता. तिथं जनावरांच्या रोगांचा शोध लावण्याची मोठी जागा आहे म्हणतात. वसंताने पत्रात लिहिलं होतं, "इथं आम्ही औषध द्यायला शिकतो, तिथं औषध शोधायला शिकवतात. मला तिथंच जायचं आहे."

संक्रांतीच्या आधी आत्याबाईंचे दीर लातूरहून आले. चहाची बशी खाली ठेवून ते अण्णांना म्हणाले, "तुमचा वसंता खाटकाचं काम शिकून राहिला. अख्ख्या लातुरात बोभाटा आहे."

अण्णा म्हणजे आमचे वडील. कचेरीतली नोकरी, रोजची पूजा, चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मला बोलावलं.

"गोदे, मामा उदगीरला ज्वारीच्या कामाला निघालाय. त्याच्यासोबत लातूरपर्यंत जा. आठ दिवस वसंताकडे राहा, डोळ्यांनी बघ अन् मला येऊन सांग. हे खरं असलं तर मी त्याला परत आणणार. ते शिक्षण बस्स झालं."

लग्नानंतर दोन वर्षांत मी कपाळ पुसून माहेरी परत आले, तेव्हापासून सोवळ्यातला स्वयंपाक आणि देवाचा नैवेद्य हेच माझं काम. परभणीसुद्धा पाहिली नव्हती. मी कशीबशी म्हणाले, "मीच का?"

"तुझी आई गेली तर रडून येईल. मी गेलो तर भांडून येईन. तू बघून येशील."

गाडीत

जनाना डब्यात मी, आणि मामा पलीकडच्या डब्यात. दुधात भिजवलेल्या दशम्यांचा डबा मामांच्या हातात राहिला. परभणीला गाडी बदलली तेव्हा मामा तंबाखू शोधत होते, आणि परळीच्या गाडीतही ते पुन्हा दशम्यांसकट पुढच्या डब्यात चढले. मी उपाशी. समोर बुरख्यातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेरू पुढे केला. "फल है, फल को क्या होता," म्हणाल्या. मी घेतला. गंगाखेडच्या पुलावरून गंगा दिसली तेव्हा आम्ही दोघींनीही खिडकीतून वाकून पाहिलं. मी हात जोडले, त्यांनी पेरूची बी थुंकायची थांबवली.

परळीच्या पुढे मामा आले. "गोदे, दशम्या झकास झाल्यात," म्हणाले. डबा रिकामा होता.

लातूर

लातूरचं पाणी जड आहे. आमच्या गंगेच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ दुपारपर्यंत टणक राहते. पण ज्वारी फार चांगली. भाकरी पांढरी आणि इतकी पातळ थापतात की उचलताना भीती वाटते. आणि करडईच्या तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी.

मामा मला सोडून उदगीरला गेले. गावाबाहेर जनावरांच्या सरकारी दवाखान्याला लागून एका लिंगायत घरात वसंताने खोली घेतली होती. तीन वर्षांत तो उंच झाला होता. मला पाहून आधी हसला, मग लगेच म्हणाला, "अण्णांनी पाठवलं?"

मी मान हलवली.

"बघून जायला?"

मी पुन्हा मान हलवली.

"मग बघ," तो म्हणाला. पण नजर माझ्याकडे नव्हती.

दवाखान्याच्या मागे एक छप्पर होतं. त्यात आठ शेळ्या. पौषाची थंडी म्हणून त्यांच्या अंगावर गोणपाट बांधलं होतं. त्यांना बघणारी बानूबी तिथंच बसलेली असायची. पन्नाशीची बाई, तोंडात कायम पान.

सोमवारी पहिल्याच सकाळी मी पाहिलं, वसंताने काचेची पिचकारी घेतली आणि दोन शेळ्यांना टोचलं. त्यांच्या गळ्यात कापडाची एकेक लाल पट्टी बांधली.

"यांना काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. चांगल्या आहेत."

"मग औषध कशाला?"

"औषध नाही, ताई. रोग टोचला. बुळकांडीचा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. धडधाकट मुक्या जनावराला जाणूनबुजून रोग द्यायचा? मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. वसंता समजावत होता. शेळीला बैलाइतका जबर रोग होत नाही, ताप येतो. शेळीच्या अंगात तो रोग कमजोर होतो. तो कमजोर झालेला रोग बैलाला दिला, की बैलाचं अंग त्याच्याशी लढायला शिकतं आणि पुढे बैल बुळकांडीने मरत नाही. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की माझा भाऊ रोग देतो.

"आणि शेळीतून तो काढता कसा?" मी विचारलं.

"काढतात," वसंता म्हणाला आणि पिचकारी उकळायला गेला.

मंगळवारी आणखी दोघींना टोचलं, त्यांना पिवळ्या पट्ट्या. बुधवारी पांढऱ्या, गुरुवारी हिरव्या. रोज दोन वेळा प्रत्येकीचा ताप बघायचा आणि वहीत लिहायचा. ताप बघायची काचेची नळी शेपटीखाली घालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लाजून भिंतीकडे तोंड केलं. बानूबी इतकी हसली की तिचं पान सांडलं.

"अगं ताई, बकरीला लाज न्हाई, तुला कशाची?"

दिवसभर मला काम नव्हतं. मी शेळ्यांना पाला घालू लागले. दोन दिवसांत मला त्या ओळखू यायला लागल्या. एकीचा कान फाटका, एकीचं शिंग आत वळलेलं, एक चालताना मागचा पाय ओढायची. एक तांबूस होती, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका. ती माझ्या हातातून भाकरीची कड खायची, आणि मी निघाले की दावं ताणेपर्यंत मागे यायची. गळ्यात तिच्या लाल पट्टी होती.

"नाव ठेवू नको तिला," बानूबी म्हणाली. "मी एकीलाबी ठेवत न्हाई."

"का?"

"तुझ्या भावाला इचार."

मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

खेड्यात

गुरुवारी वसंता मला बैलगाडीतून औशाच्या वाटेवरच्या एका खेड्यात घेऊन गेला. तिथल्या एका घरातला कर्ता पुरुष परगावी होता, आणि घरातली बाई या सलोत्र्यांना दारात उभं करत नव्हती. बाईमाणूस बरोबर असलं तर उघडेल, असं वसंताला वाटलं.

वास आधी आला. गोठ्यात एक बैल आडवा पडला होता. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, तोंडात आतून फोड, मागे सगळी घाण. माशा हाकलायचीही त्याच्यात ताकद नव्हती. पलीकडे एक ढवळा बैल उभा होता, अजून चांगला. मी असं काही पाहिलं नव्हतं. मी कुंपणाशी जाऊन उलटी केली.

घरातल्या बाईने मला पाणी दिलं. मी घेत नाही हे तिला कळलं. तिने रागावल्याशिवाय ओल्या हरभऱ्याचा डहाळा आणून दिला. "ह्ये तरी खा. येळवसंला, रानाच्या पूजंला, या दोघान्ला ओवाळलं व्हतं," ती म्हणाली. "तीन गेले. ह्यो चवथा जातोय. ढवळा उरला." मग तिने माझा हात धरला. "तुझा भाऊ म्हनतो, उद्या आनून टोचलं तर ढवळा वाचंल. खरं हाय का, बाई? तू सांग. तू बामनाची, खोटं न्हाई सांगायची."

मला काय माहीत होतं? मी मान हलवली. हो म्हणून.

परत येताना वसंता म्हणाला, "ताई, उद्या डॉक्टरसाहेब आमची परीक्षा बघणार. हा आठवडा शेळ्यांची जबाबदारी माझी आहे. नीट झालं तर माझं नाव वर जाईल."

शुक्रवार

डॉक्टरसाहेब म्हणजे त्यांना शिकवणारे हैदराबादचे अधिकारी. गोरे, उंच, बोलायला थोडके. ते येणार म्हणून मी पहाटेच उठून अंघोळ केली आणि छपरात गेले. वसंता पाणी उकळायला गेला होता, बानूबी पाल्याला. शेळ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या, लेंडीचा, लाळेचा वास मारत होत्या. परीक्षेच्या दिवशी भावाचं काम असं दिसू नये, असं माझ्या मनात आलं. घरी मी रोज पहाटे सगळी वस्त्रं धुऊन वाळत घालते. तशाच मी आठही पट्ट्या सोडल्या, राखेने घासून धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. रंग छान उजळले.

उन्हं आली तशी सगळी मंडळी आली. वसंताने दोरीकडे पाहिलं, मग शेळ्यांकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"पट्ट्या कुणी सोडल्या?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

वहीत शेळीचं वर्णन नव्हतं. नुसता पट्टीचा रंग आणि त्यापुढे ताप. आता कोणती सोमवारची आणि कोणती मंगळवारची, हे कुणालाच सांगता येईना; बानूबी तर पट्ट्यांकडे कधी बघतच नव्हती. सहा विद्यार्थी एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, ताप बघून ओळखू. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बुखार तो चार को है. पकी कौनसी, कच्ची कौनसी? कच्ची दवा से बैल नै बचता."

"माझी चूक आहे, साहेब," वसंता म्हणाला. "पट्ट्या मी सोडल्या."

डॉक्टरसाहेबांनी वही मिटली. ती मिटलेली वही पाहून मला सगळं कळलं. हिमालय गेला, आणि ढवळा बैलही गेला. मी दाराआड होते. परपुरुषांसमोर मी कधी बोलले नव्हते. पाय कसे पुढे गेले मला ठाऊक नाही.

"मी सोडल्या," मी म्हणाले. "धुवायला. याने नाही." आणि मग, "कुणाची कोणती, मला आठवतं."

कुणीतरी हसलं. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. दोरीवरच्या पट्ट्या काढून त्यांनी माझ्यासमोर धरल्या. "बांधो."

मी हिरव्या बांधल्या, वळलेल्या शिंगाचीला आणि तिच्या शेजारचीला. पांढऱ्या बांधल्या. उरल्या चार शेळ्या, दोन पिवळ्या पट्ट्या, दोन लाल. फाटक्या कानाचीला मी लाल बांधली. तांबूस आपणहून माझ्याकडे आली आणि माझा तळहात हुंगू लागली. तेव्हा वसंताच्या चेहऱ्याकडे पाहून मला शंका आली.

मी हळूच विचारलं, "लाल म्हणजे काय रे?"

तो माझ्यापेक्षा हळू म्हणाला, "लाल म्हणजे आज, ताई."

"आज काय?"

"पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढायची. औषध तिच्यापासूनच बनतं."

मी बानूबीकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

छपरात सगळे माझी वाट पाहत होते. तांबूस माझ्या हाताला चाटत होती. ही पट्टी मी पलीकडच्या पाय ओढणाऱ्या शेळीला बांधली असती तरी कुणाला कळलं नसतं. दोघींना ताप होता. जगात फक्त मला माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या खेड्यातली बाई येत होती, मी मान हलवल्यावर तिने सोडलेला तो श्वास. मी लाल पट्टी तांबूसच्या गळ्यात बांधली. गाठ दोनदा मारली.

मग त्यांनी सगळ्यांचा ताप पुन्हा पाहिला आणि वहीशी ताडला. हिरव्यांना नव्हता, पांढऱ्यांना किंचित, बाकी चौघींना जसा काल संध्याकाळी होता त्याच चढाने. डॉक्टरसाहेब विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "इत्ते साल पढ़े तुम लोगां. बकरी-बकरी में फरक नै देखे." मग मला म्हणाले, "बहन, कितना पढ़े?"

"चौथी."

वहीत त्यांनी त्याच वेळी शेळीचं वर्णन लिहायचा एक नवा रकाना आखायला सांगितला.

फाटक्या कानाचीला एका विद्यार्थ्याने बाहेर नेलं, पण तांबूस दुसऱ्या कुणाच्या हातात उभी राहीना. म्हणून बाहेर नेईपर्यंत मी तिला धरलं. पुढे मी डोळे मिटणार होते, पण अण्णांनी बघून ये म्हटलं होतं. मी पाहिलं. ज्या वसंताला मी लहानपणी अंघोळ घातली, त्याच्या हातात सुरी होती. तो घाबरला नव्हता आणि त्याला मजाही वाटत नव्हती. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काम एका क्षणात केलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. हाताला पाणी न लावता तो मला म्हणाला, "ताई, तू आत जा." मी गेले नाही. पांढऱ्या थाळीतली ती काळपट पाणथरी, खलात ती वाटतानाचा आवाज, मलमलीतून गाळलेलं ते लालसर पाणी, हे सगळं मी पाहिलं. आजही भाजी चिरताना माझा हात मध्येच थांबतो.

दुपारी ती बाई ढवळा घेऊन आली. वसंताने टोचलं. बैलाने फक्त कातडी थरथरवली. बाईने मला लांबून हात जोडले. तो नमस्कार घ्यावासा मला वाटला नाही.

जाण्याआधी डॉक्टरसाहेबांनी वसंताला सर्वांसमोर झापलं. "बहन के वास्ते झूठ बोला. इस काम में झूठ बोलेगा तो हजारों जानवर मरेंगे. याद रखो." वसंताची मान खाली. मग त्यांनी एक कागद त्याच्या हातात दिला. वसंताचं नाव ते पाठवणार होते, पण त्याच्या वडिलांची लेखी संमती हवी होती. वसंताने तो कागद घडी करून माझ्याकडे दिला. काय सांग, काय सांगू नको, असं एक अक्षर तो बोलला नाही.

घरी

मामा उदगीरहून आले आणि आम्ही निघालो. वाटेत या खेपेला दशम्यांचा डबा त्यांनी माझ्याकडे दिला. मी उघडला नाही.

अण्णा ओसरीवर बसले होते. मी पाय धुतले आणि समोर उभी राहिले.

"लोक म्हणतात ते खरं का?"

"खरं," मी म्हणाले. "रोग देतो. मग मारतो. त्याच्यातून औषध करतो, ते बैलाला देतो. बैल मरत नाही म्हणतात."

"म्हणतात! तू पाहिलंस काय?"

"शेळी मरताना पाहिली."

अण्णांनी डोळे मिटले. "म्हणजे माझ्या मुलानं आपल्या हातानं..."

मी इथं थांबू शकले असते. तेवढंच विचारायला मला पाठवलं होतं.

"अण्णा, कोणती मारायची ते मी दाखवलं," मी म्हणाले. "दुसरी दाखवता आली असती. तिला मीच धरलं होतं."

आई आतून दारापर्यंत आली होती, ती तिथंच खाली बसली. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, जणू ओळख पटत नाही. मी पट्ट्यांचं, त्या बाईचं, वसंताने माझ्यासाठी स्वतःवर घेतलेल्या दोषाचं, सगळं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. बोलून झाल्यावर कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो वाचला. मग ते म्हणाले, "या पापासाठी त्याला परत बोलावलं, तर तुला कुठं धाडू?"

त्यांनी दौत मागितली आणि सही केली. वाळू टाकून कागद माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून नैवेद्य तुझी आई करील."

वसंता डोंगरात पोचला. त्याचं पत्र आलं, तिथं फार थंडी आहे म्हणतो. ढवळ्या बैलाचं काय झालं ते मला कळलेलं नाही, विचारायचं धाडस होत नाही. आईला हल्ली नीट दिसत नाही. नैवेद्याची खीर ती लावते तेव्हा पातेल्याच्या बुडाला करपते, वास ओसरीपर्यंत येतो. मी तिथंच असते, उठत नाही. अण्णा देवाला दाखवून ती खीर पानात घेतात आणि सगळी संपवतात.